एलपीची एक बाजू किती मिनिटांची? – जुने प्रोग-रॉक अल्बम नीट ऐकण्याची उस्तवार

शेवटची_खाच (धागाकर्ता)

जुन्या प्रोग-रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक रचनांचा रॉक) अल्बमांच्या नावाने गळे काढणारे धागे इथे उदंड झालेत. हा तसा नाही. प्रश्न साधा आहे: तीच एलपी, तोच प्लेअर, पण बाजू संपत आली की आवाज फाटतो. का? आणि नेमका प्रोगच्याच तबकड्यांवर तो जास्त का खुपतो?

आधी मापं बघू. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. पहिली खाच केंद्रापासून साधारण १४६ मिमीवर, शेवटची ६० मिमीच्या आसपास. म्हणजे कोरायला मिळाली जेमतेम ८६ मिमीची पट्टी. वीस मिनिटांच्या बाजूत ६६७ फेरे बसतात, शेजारशेजारच्या खाचांत सरासरी ०.१३ मिमी अंतर मिळतं. आता जेनेसिस बँडचा ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) घ्या. अख्खा अल्बम ५३ मिनिटांच्या वर, दुसरी बाजू एकटीच साडेअठ्ठावीस मिनिटांची. ९५० फेरे, अंतर ०.०९ मिमी. बेस मोठा असला की खाच आडवी जास्त हलते, तिला जागा लागते. जागाच नसली की मूळ तबकडीत खाच कापणारा माणूस सगळी बाजू हळू आवाजात कापतो, नाहीतर खालचे स्वर छाटतो. आवाज हळू म्हणून आपण घरी व्हॉल्यूम पिळतो, आणि गाण्याबरोबर खरखरही वर येते.

दुसरी भानगड वेगाची. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी व्हायनिल (तबकडीचं प्लास्टिक) सरकतं, आतल्या खाचेत फक्त २१. दहा किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ऐसपैस कोरलेली असते, आत तीच २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. ती त्या वळणात शिरतच नाही, खांद्यांवरून घसरत जाते. ते घसरणं म्हणजेच तुम्हाला ऐकू येणारं ‘स्स’ आणि फाटणं.

पॉपच्या एलपीत बाजूच्या शेवटी एखादं हळुवार गाणं टाकून वेळ मारून नेता येते. प्रोगवाल्यांनी रचनाच अशी बांधली की वीस मिनिटं चढत जायचं आणि कळस शेवटच्या दोन सेंटिमीटरांत. जेनेसिसच्याच ‘फॉक्सट्रॉट’ची (१९७२) दुसरी बाजू बघा: आधी दीड मिनिटाचं गिटार, मग तेवीस मिनिटांचं ‘सपर्स रेडी’. त्यातली शेवटची पाच मिनिटं, म्हणजे मेलोट्रॉन (फितींवर चालणारं किबोर्ड), ऑर्गन आणि गायक पीटर गॅब्रिएलचा टिपेचा आवाज, सगळं आतल्या १७-१८ मिमीत. ‘सेलिंग इंग्लंड’मध्ये ‘द सिनेमा शो’चा सात मात्रांतला किबोर्डचा लांबलचक भागही तिथेच येऊन पडतो. वाईट जागेवर सगळ्यात चांगला माल.

तर या अल्बमांसाठी कुणी काय काय करतं ते लिहा. मापांसकट.

---

घासूनपुसून

आधी धुवा. अर्ध्या तक्रारी मळाच्या असतात. मिश्रण: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाच्या-बिनरंगाच्या द्रव साबणाचे दोन थेंब. साबण दोनच थेंब, नाहीतर तोच खाचांत वाळून बसतो. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एक हात. ही पायरी लोक गाळतात आणि मग ‘धुतल्यावर जास्तच खरखरतेय’ म्हणून धागे काढतात. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून मागे राहतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर पांढरे ठिपके दिसतात ती बुरशी. ती या मिश्रणाने निघते, पण तबकडी पुन्हा त्याच जुन्या कागदी पाकिटात घातलीत तर महिनाभरात परत हजर. आतलं पाकीट नवं घ्या, पॉलिथिनचं. जुनी पीव्हीसीची पाकिटं फेकून द्या, ती व्हायनिलशी लागून धुरकट डाग पाडतात आणि तो डाग धुऊन जात नाही.

महत्त्वाचं: हे मिश्रण आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना लावू नका. अल्कोहोलने लाख विरघळते.

---

बेसूर_बाबू

फेविकॉल ओतून, वाळवून, सोलून काढायचा उपाय कुणी केलाय का? व्हिडिओत तर एकदम झकास दिसतो.

---

घासूनपुसून

होतो, पण थर जाड आणि सलग हवा. पातळ झाला की सोलताना तुटतो आणि तुकडे खाचांत अडकून बसतात. दमट हवेत वरून कोरडा दिसतो, आतून ओलाच असतो. विदर्भात उन्हाळ्यात जमेल, दादरला जुलैमध्ये नाही. किमती तबकडीवर पहिला प्रयोग करू नये, एवढं सांगतो.

---

ताणकाटा

धागाकर्त्याने रोगाचं निदान बरोबर केलंय. औषध दोन ठिकाणी आहे: सुईचा आकार आणि कार्ट्रिजचा (सुई जिच्यात बसते त्या डबीचा) कोन.

सुई: गोल सुई जाऊन लंबवर्तुळाकार आली की बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास येते. फरक लगेच कळतो. त्याच्याही वर मायक्रोलाइन, म्हणजे आणखी बारीक धारेची सुई. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत खोका तोच राहतो आणि पुढची सुई तेवढी ओढून बदलता येते, त्यामुळे आज लंबवर्तुळाकार घेऊन नंतर मायक्रोलाइनवर जाता येतं. आयुष्यही बघा: कंपनी लंबवर्तुळाकारला ३०० तास देते, मायक्रोलाइनला १०००. महाग दिसते ती तासाला स्वस्त पडते.

वजन (सुईचा खाचेवरचा भार): कंपनीने दिलेल्या मधल्या आकड्यावर ठेवा. व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफोन २एम रेडला १.८. ‘हलकं ठेवलं की तबकडी कमी झिजते’ हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. टोनआर्मवरच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यावर विसंबू नका, सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो.

कोन: टोनआर्म कमानीत फिरतो, कटिंगची सुई सरळ रेषेत जाते. त्यामुळे कार्ट्रिज खाचेला बरोबर समांतर फक्त दोनच ठिकाणी येतं. ती दोन ठिकाणं कुठे ठेवायची ते आपल्या हातात. बेअरवॉल्ड पद्धतीत ६६ आणि १२०.९ मिमीवर, स्टीव्हन्सनमध्ये ६०.३ आणि ११७.४ मिमीवर. आता वरची मापं पुन्हा वाचा. शेवटची खाच ६० मिमीवर. स्टीव्हन्सन लावलात की चूक शून्यावर येते ती नेमकी कळसाच्या जागी. मधल्या भागात थोडी जास्त चूक पदरात घ्यावी लागते, पण ज्यांच्याकडे लांब बाजूंचा प्रोग जास्त आहे त्यांनी बिनधास्त हेच लावावं.

कृती: कोन जुळवायचा मापाचा कागद (प्रोट्रॅक्टर) छापताना १०० टक्के आकारात छापा आणि पट्टीने मोजून घ्या, प्रिंटर गुपचूप ९७ टक्के करतो. हेडशेलचे (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाचे) दोन स्क्रू सैल करा, सुई पहिल्या बिंदूवर टेकवा, कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर आहेत का बघा, मग दुसरा बिंदू. एक जुळला की दुसरा बिघडतो, चार-पाच फेऱ्या लागतातच. शेवटी स्क्रू आवळताना कार्ट्रिज हमखास फिरतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासा. हेडशेल पुढे-मागे सरकल्याने वजनही बदललेलं असतं, काटा परत लावा.

फाटणं फक्त उजव्या कानात येत असेल तर कोन सोडा, अँटी-स्केटिंग (आर्मला बाहेर ओढणारा ताण) वाढवा. आर्म आत ओढला जाऊन बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते, आणि बाहेरची भिंत म्हणजे उजवा चॅनल.

---

शेवटची_खाच

वा! वाचनखूण साठवली. एक पुरवणी: हे सगळं करूनही फाटत असेल तर खाच आधीच्या कुणाच्या तरी बोथट सुईने खाल्लेली आहे. मायक्रोलाइन भिंतीच्या वेगळ्या उंचीवर टेकते, त्यामुळे कधी कधी कोरी जागा सापडते. तिनेही फरक पडला नाही तर ती प्रत गेली, कव्हर भिंतीला लावा.

---

परतीचा_प्रवासी

न्यू जर्सीहून सामानात जुना टर्नटेबल आणतोय. इथे ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

---

ताणकाटा

थांबा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडे ६०, इकडे ५०. जुन्या बऱ्याच टर्नटेबलांची एसी सिंक्रोनस मोटर हर्ट्झवरच चालते. ती इथे ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे देईल. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालेल आणि पांढरी सहाचं गाणं काळी तीनच्याही किंचित खाली ऐकू येईल. येस बँडचं ‘क्लोज टू द एज’ रडगाणं होऊन जाईल.

मागची पट्टी वाचा. ‘६० हर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर ५० हर्ट्झची पुली शोधावी लागेल, मूळ पुलीच्या १.२ पट व्यासाची. डीसी मोटर आणि भिंतीतला अडॅप्टर असेल तर नुसता अडॅप्टर बदला, विषय संपला. क्वार्ट्झ डायरेक्ट-ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफॉर्मर पुरेल, पण थाळीच्या कडेचे, वेग दाखवणारे निऑनच्या दिव्याने दिसणारे ठिपके स्थिर दिसणार नाहीत, घाबरू नका. कागदी स्ट्रोब (वेग तपासायची रेघांची चकती) वापरणार असाल तर ५० हर्ट्झला १८० रेघांचा घ्या, तिकडचा २१६ रेघांचा असतो.

---

बेसूर_बाबू

वेग कानाने तपासायला कुठलं गाणं चांगलं? मी किंग क्रिमसनचं ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ लावतो, त्यातली व्हायोलिनं डुगडुगतात असं वाटतं.

---

भातामास्तर

अहो बाबू, ती व्हायोलिनं नव्हेत. तो मेलोट्रॉन आहे आणि तो जन्मतःच डुगडुगतो. त्याच्यावरून टर्नटेबल तपासणं म्हणजे लंगड्याच्या चालीवरून रस्ता मोजणं.

वाद्य असं: ३५ पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली ३/८ इंच रुंदीच्या चुंबकी फितीचा एक तुकडा, त्यावर आधीच ध्वनिमुद्रित केलेला एकेक स्वर. पट्टी दाबली की फीत हेडवर दाबली जाते आणि एक फिरता दांडा तिला ओढतो. आठ सेकंदांत फीत संपते, सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. हार्मोनियमला भाता मारत राहिलात तर स्वर तग धरतो, इथे कितीही दाबून बसा, आठ सेकंदांनी शांतता. म्हणून मेलोट्रॉनवाले एकाच वेळी सगळी बोटं उचलत नाहीत, एकेक स्वर आलटून पालटून पुन्हा दाबतात. ‘फॉक्सट्रॉट’च्या सुरुवातीला ‘वॉचर ऑफ द स्काइज’मध्ये जेनेसिसच्या टोनी बँक्सचा मेलोट्रॉन एकटाच आहे, तिथे स्वर बदलताना कान द्या. जास्त पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर भार येऊन सूर खाली झुकतो. ते डुगडुगणं हेच.

वेग तपासायचा तर पियानो हवा, लांब घुमणारा. ‘सेलिंग इंग्लंड’मधल्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’चा आरंभ, किंवा पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज’च्या (‘मेडल’, १९७१) सुरुवातीचा तो एकेक थेंबासारखा स्वर. दर १.८ सेकंदांनी सूर वरखाली झाला तर तो एका फेऱ्याचा काळ, म्हणजे दोष प्लेअरचा नसून तबकडीचं भोक मध्यावर नाही. अर्धा मिमी जरी सरकलेलं असलं तरी बाहेर सूर ०.३ टक्के हलतो आणि आत ०.८ टक्के. पुन्हा आतच जास्त! गोल कानशीने भोक किंचित मोठं करायचं, तबकडी सैल ठेवून आर्म आडवा झुलायचा थांबेपर्यंत बोटाने सरकवायची. कानशीची पूड आधी पुसा.

---

सातमात्रा

धाग्यात गंमत म्हणून एक. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सात मात्रांचं आहे हे सगळे सांगतात आणि लगेच ‘म्हणजे रूपक ताल’ म्हणतात. रूपकाची समच खालीवर (टाळी नसलेल्या मात्रेवर) असते, ३+२+२ चा झोल वेगळा. ‘मनी’तला बेस पहिल्या मात्रेवर ठामपणे बसतो. शिवाय सॅक्सोफोनपर्यंत सात आणि त्यांच्या डेव्हिड गिल्मोरचं गिटार सुरू झालं की सरळ चार. तिथे हाताने टाळ्या देऊन बघा, लगेच कळेल. ‘सपर्स रेडी’मधलं ‘अपॉकॅलिप्स इन ९/८’ याहून अवघड: खाली ३+२+४ चा ठेका अडून बसलेला आणि वर बँक्सचा ऑर्गन त्याच्याकडे ढुंकूनही न बघता धावतो. आपल्याकडच्या कानाला हे रुचतं, समेवर येणार की नाही याची धाकधूक असते.

अवांतर: येसच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’च्या (१९७३) चार बाजू म्हणजे परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून घेतलेल्या श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं. कव्हरवर स्मृतीचं ‘सुरिटीज’ छापलंय. येसचा गायक जॉन अँडरसन याला कुणीतरी संस्कृतची शिकवणी लावायला हवी होती.

---

घासूनपुसून

@सातमात्रा: लोल. त्या चार बाजू मात्र मापात आहेत, अठरा ते साडेएकवीस मिनिटं. कापणाऱ्याची दया केली. इमर्सन लेक अँड पामरने तेही नाही केलं. ‘ब्रेन सॅलड सर्जरी’तलं (१९७३) ‘कार्न एव्हिल ९’ जवळजवळ तीस मिनिटांचं, एका बाजूत नीट मावणार नाही. म्हणून पहिल्या बाजूच्या शेवटी एक भाग होऊन मालवतं आणि पलटल्यावर ‘वेलकम बॅक’ म्हणत पुन्हा उजाडतं. तबकडी उलटण्याचा वेळ गाण्यातच धरलाय.

---

नवखा_श्रोता

एवढं सगळं जमणार नसेल तर कुठली सीडी घ्यावी? बाजारात एकेका अल्बमच्या दहा आवृत्त्या आहेत.

---

भातामास्तर

आधी दोन शब्द वेगळे करा. रीमास्टर म्हणजे तयार झालेली दोन चॅनलची फीत नव्याने चकचकीत करणं. रीमिक्स म्हणजे मूळ अनेक ट्रॅकांच्या फितींवरून गाणं पुन्हा जुळवणं. रीमास्टरमध्ये बऱ्याचदा हळू भाग मोठे करून सगळं एका पातळीवर आणून ठेवतात. प्रोगमध्ये तर पाण्याच्या आवाजापासून ऑर्गनच्या गडगडाटापर्यंतचं अंतर हाच जीव.

संगीतकार स्टीव्हन विल्सनचे रीमिक्स बहुतेक ठिकाणी डोळे झाकून घ्या. जेथ्रो टलचं ‘अ‍ॅक्वालंग’ (१९७१) मूळचंच गढूळ, २०११ च्या रीमिक्सने ते निवळलं. ‘क्लोज टू द एज’चं २०१३ चं रीमिक्सही चांगलं. त्यातला चर्चचा मोठा ऑर्गन लंडनच्या सेंट जाइल्समध्ये वाजवलेला आहे, त्याची घुमारी मूळ एलपीपेक्षा मोकळी ऐकू येते. सावधगिरी एकाच ठिकाणी: ‘क्रिमसन किंग’च्या २००९ च्या रीमिक्समध्ये ‘मूनचाइल्ड’मधल्या चाचपडत वाजवलेल्या भागातली काही मिनिटं उडवलीत. बऱ्याच जणांना ते बरंच वाटलं. मला नाही. पूर्ण हवं असेल तर मूळ मिक्स घ्या, तेही २००३ नंतरचं. त्या वर्षी हरवलेली पहिल्या पिढीची फीत सापडली, त्याआधीच्या आवृत्त्या नकलेवरून काढलेल्या आहेत.

आणि ‘टेल्स’चा २००३ चा रीमास्टर वेगळ्या कारणासाठी घ्यावा. पहिल्या बाजूच्या आरंभाचा दोन मिनिटांचा तुकडा एलपीवर नाहीच, तिथे तो परत आलाय.

---

बेसूर_बाबू

माझ्या एलपी लॅपटॉपवर घ्यायच्यात. ऑडॅसिटी (ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर) टाकलंय. पुढे?

---

शेवटची_खाच

टर्नटेबलच्या मागे ‘फोनो/लाइन’ असा खटका असेल तर ‘लाइन’वर. वेगळा फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) असेल तर खटका ‘फोनो’वर. दोन्ही एकदम लागले तर बेस ढणढणतो आणि आवाज फाटतो, दोन्ही नसले तर चिरका पातळ आवाज येतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. बाजूतला सगळ्यात मोठा भाग आधी लावून त्याचा शेंडा उणे ६ डेसिबलवर ठेवा. ‘सपर्स रेडी’ असेल तर पहिल्या नाही, शेवटच्या मिनिटावर पातळी लावा. मिनिटाला साधारण ३५ एमबी, म्हणजे पंचवीस मिनिटांची बाजू ८६० एमबीच्या आसपास. नंतर फ्लॅक (दर्जा न घटवता लहान होणारी फाइल) करा.

एक बाजू म्हणजे एक फाइल. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, तुकडे केले की बऱ्याच प्लेअरांत मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडते.

‘क्लिक रिमूव्हल’ सगळ्या बाजूवर एकदम मारू नका. मूळ आकडे २०० आणि २० असतात, त्यांवर ‘मनी’तली नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट त्याला टिकटिकच वाटतो, धार बोथट करून टाकतो. फक्त टोचणारी टिकटिक झूम करून निवडा आणि ‘रिपेअर’ वापरा, ते एका वेळी १२८ सँपलपर्यंतच चालतं. वेळखाऊ आहे. ‘क्लोज टू द एज’च्या सुरुवातीचे पक्षी आणि पाणी एवढं केलंत तरी पुरे, उघडं पडतं ते तिथेच.

---

नवखा_श्रोता

शेवटचा प्रश्न. पिंक फ्लॉइडच्या ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ची दुसरी बाजू संपल्यावर नळाचं टपटपणं थांबतच नाही. तबकडी अडकलीय का?

---

ताणकाटा

नाही. ते मुद्दाम शेवटच्या बंद खाचेत कोरलंय. प्लेअर आपोआप आर्म उचलणारा नसेल तर टपकत राहणार. सुई झिजतेय, उठा आणि उचला.